ओमेर मुकादम गप्प बसायला शिकतो

ओमेर लव्हासरचा आवाज नदी ओलांडून कॅनडात जातो आणि तिकडची कुत्री भुंकायला लागतात, असं गावात सांगत. कुत्र्यांचं खोटं असेल, आवाजाचं नव्हतं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, लाकूड कापायच्या सॉ मिलमध्ये तो तेरा वर्षं दिवसपाळीचा मुकादम होता. शेडच्या मधोमध, लोखंडी जिना चढून वर, त्याची काचेची खोली. खाली ओंडके सोलणारं यंत्र, मोठा आरा, फळ्यांच्या कडा कापणारा एजर, लांबी कापणारा ट्रिमर आणि या सगळ्यांना जोडणारे पट्टे. वर ओमेर, त्याच्या हातात माईक, आणि चारी भिंतींवर मिळून आठ कर्णे. कुणी टोपी घातली नाही की आठही कर्णे एकदम गरजत, "रेनो! डोकं घरी विसरलास म्हणून टोपीही घरीच ठेवलीस काय?" लोक हसत, रेनो टोपी घाली, आणि ओमेरला वाटे, झालं काम. सुरक्षा म्हणजे त्याच्या लेखी एवढंच होतं. आपण बघायचं, आपण ओरडायचं, त्यांनी घाबरायचं.

गंमत अशी की हाच माणूस तरुणपणी कामावर चकार शब्द बोलत नसे. बोलून उपयोगच नव्हता. कानात बोळे आणि समोर किंचाळणारा आरा. तिथे शेजाऱ्याची हाक शेजाऱ्याला पोचत नसे. म्हणून जुन्या मिलवाल्यांनी हातांची बोली काढली होती. छातीवर दोन बोटं टेकवली की मुकादम येतोय. पोटावर गोल हात फिरवला की जेवणाची सुट्टी, आणि तोच गोल जरा मोठा काढला की गावचे फादर. अंगठा कानामागे नेला की आज बायकोशी वाजलंय, काही विचारू नकोस.

ही बोली सगळ्यांना येई, पण ओमेर आणि आल्सीद पेलेत्ये यांच्याइतकी कुणाला नाही. आल्सीद एजरवर, ओमेर ट्रिमरवर, मध्ये चाळीस पावलं. एकवीस वर्षं ते तसे समोरासमोर उभे राहिले. दोन फळ्यांच्या मधल्या तीन-चार सेकंदांत आल्सीद एक वाक्य सांगे, मग फळी सारे, मग पुढचं वाक्य. त्याच्या सासूच्या अंगणात घोड्याएवढं मूस हरीण शिरलं आणि सासूने त्याला झाडूने नदीपर्यंत हाकललं, ही गोष्ट त्याने सकाळी सातला सुरू केली ती दुपारी तीनला संपवली. ओमेर इतका हसला की एक फळी वाकडी गेली आणि त्याला बोलणी बसली. त्या बोलण्यांचंही दोघांनी मग आठवडाभर हातांनी नाटक केलं.

या बोलीची एक रीत होती. कुणी लिहून ठेवली नव्हती, पण मोडणाऱ्याला माफी नव्हती. हाताने सांगितलेल्याला हातानेच उत्तर द्यायचं. ते त्या दोघांमधलं असे. तिसऱ्याच्या नजरेला पडलं तरी त्याने न पाहिल्यासारखं करायचं.

मग ओमेर मुकादम झाला आणि काचेच्या खोलीत गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, एका मंगळवारी, आल्सीदचा उजवा हात एजरमध्ये गेला. चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

आल्सीद मिलमध्ये परत आला नाही. तो घरी बसून माशांचे गळ बांधायला लागला, डाव्या हाताने आणि दातांनी. आणि ओमेरशी बोलणं थांबलं. भांडण झालं असतं तर बरं, भांडणाला समेट तरी असतो. इथे तसं काही नव्हतं. दीड हजार वस्तीच्या गावात दोघे चर्चमध्ये भेटत, चर्चच्या हॉलमधल्या शनिवारच्या बीनच्या गावजेवणात एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना बसत, मान हलवत, "थंडी आहे" म्हणत. अकरा वर्षं थंडीच होती म्हणायची.

ओमेरला त्याची आठवण येई ती हातांत. प्रवचनात फादर काही तरी अजब बोलून जात आणि ओमेरचा हात आपोआप पोटावर मोठा गोल काढायला निघे. समोर बघणारं कुणी नसे. मिलमध्ये आता कानावरच्या टोप्यांतच रेडिओ आले होते. नवीन माणसं बटण दाबून बोलत. जुन्यांपैकी कुणी निवृत्त, कुणी कबरीत. ओमेरच्या दोन हातांत एक अख्खी भाषा पडून होती आणि ती ज्याच्याशी बोलायची तो माणूस गावातच, दोन मैलांवर राहत होता. कोरीन, त्याची बायको, चर्चमध्ये त्याचा हात धरून खाली दाबे. "लोक बघतायत," ती पुटपुटे. बघितलं तर काय होणार होतं? वाचता कुणाला येत होतं?

त्या वर्षी हिवाळ्यात मिलमध्ये लागोपाठ चार अपघात झाले. मोठं काही नाही, पण वरच्यांचे धाबे दणाणले आणि त्यांनी पाचही मुकादमांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवलं. जागा चर्चचा हॉल. प्रशिक्षण म्हटलं की माणूस आधी नाश्त्याचं टेबल बघतो. तिथे दोन प्रकारचे डोनट होते. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

शिकवायला आल्या होत्या ग्वेन हॅस्कल. पन्नाशीच्या, बुटक्या, दक्षिणेकडच्या एका कागद कारखान्यात वीस वर्षं घालवलेल्या. त्या पहिल्याच वाक्याला म्हणाल्या, "मी तुम्हाला नियम शिकवायला आलेली नाही. नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. मी तुम्हाला विचारायला शिकवणार आहे."

ओमेर शेजारच्याला म्हणाला, "घ्या! आता चौकशीची खिडकी उघडायची." तो कुजबुजला होता. हॉलभर ऐकू गेलं.

ग्वेनबाईंनी ऐकून घेतलं आणि दुपारी त्यालाच पुढे बोलावलं. आदल्या दिवशी त्या मिलमध्ये पाच तास नुसत्या उभ्या राहून आल्या होत्या, हे कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी ओमेरच्या हातात झाडू दिला. म्हणाल्या, तुम्ही कामगार, ही खुर्च्यांची रांग म्हणजे पट्टा. स्वतः टेबलावर चढून बसल्या, कागदाची सुरळी तोंडाला लावली आणि हुबेहूब त्याच्या सुरात गरजल्या, "ए ओमेर! पट्टा आहे तो, तुझ्या सासरचा पाळणा नाही! हलव हात!"

चारही मुकादम खुर्चीवरून पडायच्या बेतात हसले. ओमेरही हसला. मग त्या सुरळी खाली ठेवून साध्या आवाजात म्हणाल्या, "आता असं समजा, तुमच्या पायाशी तेल सांडलंय. मला दिसत नाही. मला सांगाल?"

ओमेरने झाडूकडे पाहिलं. "नाही."

"का?"

"तुम्ही परत काही तरी बोलाल. सगळ्यांसमोर."

हसणं थांबलं. ओमेर जागेवर जाऊन बसला आणि त्याने तिसरा डोनट घेतला नाही, यावरून काय ते समजा.

बाईंची रीत सोपी होती, ऐकायला. मुकादमाने रोज खाली उतरायचं, एका माणसाजवळ उभं राहायचं, यंत्र थांबलेलं असताना एकच प्रश्न विचारायचा: इथे तुला असं काय दिसतंय, जे मला दिसत नाही? आणि मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसायचं. पाचव्या आकड्याला माणूस खोटं बोलतो, त्या म्हणत. सगळं ठीक आहे म्हणतो. खरं आठव्या-नवव्याला येतं. तेव्हा मध्ये तोंड घालायचं नाही, चूक काढायची नाही. आधी का नाही सांगितलंस, हे तर मुळीच विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सराव होता. एजरवर आता डोनेट मिशो होती. चव्वेचाळीस वर्षांची, तीन मुलांची आई, आणि जिभेला धार करवतीची. ओमेर तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, प्रश्न विचारला, एक, दोन, तीन मोजले आणि राहवलं नाही. "पट्ट्याची ती कड, बरोबर? आणि तो खांब. खांबाचं मी सांगितलंच होतं."

"वा!" डोनेट म्हणाली. "प्रश्न तुझा, उत्तर तुझं. मला मध्ये कशाला उभं केलंस? साक्षीदार म्हणून?"

तासाभराने त्याने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी बोलायचं नाही असं त्याने इतकं ठरवलं होतं की आकडे तोंडाने मोजले. सहावर डोनेट दोन पावलं मागे सरकली. "मोजतोयस काय? मी फुटणार आहे की तू?"

संध्याकाळी ओमेर ग्वेनबाईंना म्हणाला, "हे माझ्याच्याने व्हायचं नाही, बाई. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी बासष्टचा आहे. मला गप्प बसता येत नाही."

"येतं की. तुमची जुनी मिल कशी होती ते मला सांगितलंय लोकांनी. वर्षानुवर्षं गप्प उभे होतात." त्या टेबल पुसत होत्या. "गप्प बसणं तुम्हाला जड जात नाही. उत्तर ऐकणं जड जातं."

आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी घरचा अभ्यास दिला. तुमच्या पाळीत जो कोणी जायबंदी झाला असेल त्याच्याकडे जा, हाच प्रश्न विचारा, आणि उत्तर घेऊन या. समजूत घालायला नाही, नुसतं ऐकायला जा. ओमेरने हात वर केला. "रेनोचा घोटा मुरगळला होता मागच्या वर्षी. त्याच्याकडे गेलो तर चालेल?"

"मी बोलत होते तेव्हा तुमच्या मनात पहिलं नाव कुणाचं आलं?"

ओमेरने हात खाली घेतला. दहा आकडे होऊन गेले, वीस झाले. बाकीचे मुकादम खिडकीबाहेर बर्फ बघायला लागले.

घरी कोरीन तव्यावर प्लॉय टाकत होती. बकव्हीटची ती पातळ पोळी एकाच बाजूने भाजतात. दुसरी बाजू उलटायची नसते. ओमेरने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "आता इतक्या वर्षांनी काय जायचं. वरातीमागून घोडं."

"अकरा वर्षं त्याच्या घरासमोर आलास की गाडी हळू करतोस आणि पुढे जातोस," कोरीन म्हणाली. "मी शेजारी बसलेली असते, मला दिसतं. एकदा थांब तरी. पेट्रोल वाचेल."

"काय म्हणेल तो?"

"ते विचारायलाच तर जायचंय ना तुला?"

रविवारी चर्चनंतर ओमेर तळ्यावर गेला. मार्चचा तिसरा आठवडा. बर्फ अजून हातभर जाड होता, पण वरचा थर उन्हाने ओलसर झाला होता. गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून मासे धरायला उभारलेल्या पंधरा-वीस झोपड्या होत्या. आल्सीदची निळ्या पत्र्याची. ओमेरने दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

"मी सगळेच असतात. नाव?"

"ओमेर."

आत शेगडीचं झाकण वाजलं. मग आवाज आला, "दाराला कडी नाहीये. कधीच नव्हती."

आल्सीद बर्फातल्या भोकावर वाकून बसला होता. उजवा हात पायमोज्यासारख्या जाड लोकरी पिशवीत. समोर उलटी बादली होती, तिच्यावर ओमेर बसला. एकवीस वर्षं चाळीस पावलांवरून त्याने हा चेहरा पाहिला होता. आता तीन हातांवर होता आणि ओमेरला तो नीट बघवेना.

"मिलमध्ये प्रशिक्षण चाललंय," तो म्हणाला. "त्यांनी घरचा अभ्यास दिलाय."

"बासष्टाव्या वर्षी शाळेत घातलं तुला? पाटी-पेन्सिल आणलीस का?"

"तुला एक विचारायचंय."

"अभ्यास म्हणून?"

ओमेर म्हणणार होता की हो, अभ्यास म्हणून. तेवढा आडोसा होता त्याला. पण तोंडातून निघालं ते खरं होतं. "नाही. अभ्यासाचं निमित्त झालं. एरवी धीर होत नव्हता." आणि त्याने विचारलं. "त्या दिवसाआधी तुला असं काय दिसत होतं, आल्सीद, जे मला दिसलं नाही?"

आल्सीद दोरीकडे बघत राहिला. ओमेरने मोजायला सुरुवात केली. पाच. दहा. पंधराला त्याच्या जिभेवर आलं की मी तुला किती वेळा सांगितलं होतं, फळी अडकली तर काठीने काढ म्हणून. त्याने ते गिळलं. चाळीसच्या पुढे त्याने मोजणं सोडलं. शेगडीत लाकूड तडतडत होतं.

"ब्रेक," आल्सीद म्हणाला. "एजरचा. बटण दाबलं की आरा दहा सेकंदांत थांबायला हवा. तो मिनिटभर फिरत राहायचा. बाकीच्या गोंगाटात ऐकू यायचं नाही, फिरतोय की थांबलाय."

ओमेर बादलीवर पुढे सरकला.

"मी तुला सांगितलं. खालून हात वर करून, आपल्या बोलीत. आरा, थांबत नाही, ये. तीन खुणा. तू काचेतून बघितलंस माझ्याकडे. मला वाटलं, बघितलं त्याने, आता उतरेल." आल्सीदने दोरी जरा वर ओढली आणि परत सोडली. "तू माईक उचललास. आठ कर्णे. 'आल्सीद, हात नाचवायचे असतील तर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये नाच, इथे लाकूड काप!' सगळी शेड हसली. ओमेर, मी तुझ्याशी हाताने बोललो होतो. तू मला कर्ण्यावरून उत्तर दिलंस."

"मग?"

"मग काय? मी लाकूड कापलं. त्यानंतर तुझ्याकडे हात वर केला नाही. नवव्या दिवशी फळी अडकली. मी बटण दाबलं, थांबलो, मला वाटलं पुरेसं थांबलो."

ओमेरने आठवायचा प्रयत्न केला. तो दिवस, ती काच, खाली वर झालेला हात. काहीच येईना. तशी वाक्यं तो दिवसाला पन्नास बोलत असे; ते त्यातलंच एक असणार. खोटं बोलावंसं वाटलं, हो आठवतंय म्हणावंसं वाटलं. "मला आठवत नाहीये," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला. तेच मला खातं. मी अकरा वर्षं रोज ते वाक्य ऐकतोय आणि तुला ते बोललेलंही आठवत नाही." आता आल्सीदचा आवाज चढला. "दवाखान्यात आलास. मला वाटलं, आता विचारेल. तू तासभर मला समजावलंस, मी कुठे उभं राहायला हवं होतं. नकाशा काढलास, माझ्याच जेवणाच्या रुमालावर! शेवटी नर्सने हाकललं तुला."

"चुकलं माझं."

"ते मी तुला फुकट सांगितलं असतं. अकरा वर्षांपूर्वी."

बाहेर कुणाची तरी मोटारगाडी बर्फावरून गेली आणि भोकातलं पाणी हललं. आल्सीद आता हळू बोलला. "मला वाटायचं, हा एक दिवस येईल, विचारेल, आणि मग सगळं परत येईल. तू, मी, ते खुणा करणं. फार वाट बघितली मी, गड्या. आज आलास, विचारलंस. बघतोय मी मघापासून. काही आलं नाही परत."

ओमेर उठला. दारात थांबून त्याने विचारलं, "पुन्हा आलो तर?"

"झोपडी मंगळवारी काढतोय. महिनाअखेरच्या आत काढावीच लागते. घरी येऊ नकोस, घरी माझ्या बायकोचा राग माझ्याहून मोठा आहे." आल्सीदने मान वर केली नाही. "पुढच्या हिवाळ्यात बर्फ धरला की बघू."

सोमवारी ओमेरने माईक टेबलाच्या खणात टाकला आणि तो खाली उतरला. डोनेट फळ्या लावत होती. त्याने यंत्र थांबेपर्यंत वाट पाहिली आणि प्रश्न विचारला. डोनेटने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे, आता सुटतो की मग सुटतो म्हणून. ओमेर उभा राहिला. घाईत नव्हता तो आता.

"झाकणाचा स्विच," ती अखेर म्हणाली. "झाकण उघडलं की आरा बंद पडायला हवा ना? त्या स्विचला चिकटपट्टी लावून ठेवलीय कुणी तरी. काम अडू नये म्हणून. तीन आठवडे झाले."

तीन आठवडे! ओमेरच्या नरड्यात सगळे आठ कर्णे एकदम आले. आधी का नाही सांगितलंस? ते त्याने दाबून धरलं आणि म्हणाला, "आणखी काय?"

डोनेटने हातमोजे काढले. "बसून सांगू का? वेळ लागेल."

त्या दिवशी ओमेरने पट्टा बंद ठेवला, वरून आलेले दोन फोन घेतले नाहीत आणि डोनेटने सांगितलेल्या पाच गोष्टी कार्डावर लिहिल्या. ग्वेनबाई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा त्यांनी ते कार्ड बघितलं. "आणि घरचा अभ्यास?" "केला," ओमेर म्हणाला. उत्तर काय मिळालं ते त्यांनी विचारलं नाही. शहाणी बाई. उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या मुकादमांना शिकवायला त्यांनी त्याला बरोबर नेलं. तो तिथे जाऊन कामगार व्हायचा आणि दुसरा कुणी तरी त्याच्यावर ओरडायचा. लोक फार हसत. मिलमध्ये आता माणसं जिना चढून आपणहून त्याच्याकडे येत, सांगत, आणि तो ऐके. चांगलं चाललं होतं. संध्याकाळी हे सगळं सांगावंसं वाटे, कोरीनला सांगेही, पण ज्याला सांगायचं होतं तो ती नव्हती, आणि ते तिलाही कळत होतं.

त्या मुलखात सगळे सहा महिने बर्फ कधी वितळतो याची वाट बघतात. त्या वर्षी एकटा ओमेर बर्फ कधी धरतो याची वाट बघत होता. जूनमध्ये चिलटं आली, जुलैत बटाट्याची शेतं पांढरी फुलली, लोक तळ्यात पोहायला गेले आणि ओमेर काठावर कपड्यांनिशी उभा राहून पाण्याकडे बघत राहिला. ऑगस्टमध्ये त्याने न्हाव्याला विचारलं, यंदा थंडी लवकर पडेल का. न्हावी म्हणाला, "तुझ्या डोक्यावर टोपी घालत जा, उन्हाचा परिणाम झालाय." सप्टेंबरात बटाटे काढायला शाळेला सुट्टी पडली. ऑक्टोबरात पानं गेली. नोव्हेंबरात तळ्याच्या कडेला पापडाएवढा बर्फ धरला आणि दुपारी विरघळला. ओमेर कामावरून येताना रोज वाकडी वाट करून बघून येई. कोरीनने पेट्रोलचा विषय काढला नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी निळी झोपडी उभी राहिली. ओमेर त्याच दुपारी गेला. आल्सीदने ये म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. तो मासे, बर्फाची जाडी, नव्या गळाचा आकार यांवर बोलला. ओमेर बादलीवर बसून ऐकत राहिला. ओमेर जिच्यासाठी झुरला होता ती जुनी गंमत त्या बोलण्यात कुठेही नव्हती. समोरचा माणूसही तो नव्हता. त्याच्याच नावाचा, त्याच्याच नाकाचा एक वयस्कर, सावध माणूस होता. तरी ओमेरला उठवेना.

मग भोकाकडे बघतच आल्सीद म्हणाला, "त्या एजरचा ब्रेक. बदलला का रे पुढे कधी?"

"बदलला."

"कधी?"

"तू दवाखान्यात होतास तेव्हा. गुरुवारी."

"दोन दिवसांनी." आल्सीद थांबला. "किती वेळ लागला?"

ओमेरला माहीत होतं. तो तिथे उभा होता, हातात घड्याळ घेऊन, कारण पट्टा बंद होता आणि वरून फोन येत होते. सांगता आलं असतं की भाग बाहेरून मागवावा लागला, माणसं नव्हती, थंडीने बोल्ट धरले होते. अशी कारणं त्याने जन्मभर विकली होती.

"चाळीस मिनिटं."

"चाळीस," आल्सीद म्हणाला. दोरी त्याच्या डाव्या हातातून सुटली आणि त्याने ती धरली नाही. खांदे हलायला लागले. त्याने लोकरी पिशवीतला हात तोंडावर धरला आणि तो रडला, म्हातारे रडतात तसा, वाईट आवाज करत. ओमेरच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सांत्वनाचं एक वाक्य ओठांवर आलं होतं, तेही त्याने जाऊ दिलं.

शेगडी विझत आली तेव्हा आल्सीदने नाक पुसलं. "भाग मिळता मिळेना, अख्खे दोन दिवस खपले, असं म्हणाला असतास तर मला बरं वाटलं असतं."

"माहीत आहे."

"मग म्हणाला का नाहीस?"

"तू विचारलंस," ओमेर म्हणाला.